तायमेनच्या मागावर मंगोलियात: मराठवाड्यातून प्रथमच फ्लाय फिशिंगला निघणाऱ्यांसाठी

पाझर तलावाच्या काठावर बेडकी लावून बसलेल्या माणसाची काठी वाकली की त्याचे मनगट आपोआप वर उचलले जाते, आणि मरळ बहुधा त्या झटक्यानेच गळाला बसते. ही सवय आपल्या भागात वडीलधाऱ्यांकडून हाताला लागते आणि गोदावरी, पूर्णा, मांजरा, तेरणा यांच्या काठी ती उपयोगीही पडते. मंगोलियातील तायमेन हा मासा मात्र नेमका याच झटक्याने निसटतो. सहा दिवसांच्या पहिल्या सहलीत मी चार मासे असेच घालवले आणि एकच हाताळला. त्यामुळे विमान, व्हिसा, कपडे यांविषयी पुढे सांगितलेले सगळे आवश्यक असले, तरी नवशिक्याने आपला सर्वाधिक वेळ हाताची सवय मोडण्यात घालवावा, असे आग्रहाने सांगावेसे वाटते.

मासा आणि कायदा

तायमेन हा सॅल्मन कुळातील सर्वांत मोठा मासा आहे. सॅल्मनचे अनेक भाऊबंद समुद्रात जाऊन परत येतात. तायमेन मात्र आयुष्यभर गोड्या पाण्यातच राहतो. सायबेरिया, मंगोलिया आणि अमूर नदीच्या खोऱ्यातील थंड, वाहते, स्वच्छ पाणी हे त्याचे घर. मंगोलियन भाषेत त्याला ‘तूल’ म्हणतात. अंग लांबट व गोल, डोके चपटे, पाठ करडी-हिरवट, अंगावर काळे ठिपके आणि शेपटीकडचा भाग तांबडा असा त्याचा थाट असतो. मीटरभर लांबीचा मासा अनेकांना पाहायला मिळतो, दीड मीटरचा क्वचितच. तो इतर मासे खातो, बदकाची पिल्ले खातो आणि नदी पोहून ओलांडणारे उंदीरही खातो. आपली मरळ जशी पाण्यावरच्या बेडकीवर तुटून पडते, तसाच हाही पृष्ठभागावर येऊन घाला घालतो, आणि म्हणूनच त्याला खोट्या माशीच्या गळाने, म्हणजे फ्लाय फिशिंगने, पकडण्याचे वेड जगभर पसरले आहे.

तो मोठा असला तरी चिवट नाही. वयात यायलाच त्याला साधारण सात-आठ वर्षे लागतात, त्यातले काही मासे तीस वर्षांहून अधिक जगतात, आणि एक मोठी मादी मारली गेली की तिची जागा भरून निघायला अनेक वर्षे जातात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत तो ‘असुरक्षित’ गटात आहे. मंगोलियाचा कायदा परदेशी पाहुण्याला तायमेन मारून खाऊ देत नाही. परवाना काढावा लागतो, एकच गळ वापरावा लागतो, त्या गळाला उलटा काटा चालत नाही आणि पकडलेला मासा जिवंत सोडावा लागतो. अंडी घालण्याच्या काळात, म्हणजे १ एप्रिल ते १५ जून, मासेमारी बंद असते. ज्यांना मासा ताटात पडल्याशिवाय सहल पुरी झाल्यासारखी वाटत नाही, त्यांनी हा बेत न केलेलाच बरा; अशा मंडळींसाठी नाथसागराच्या काठच्या खानावळी आहेत.

केव्हा आणि कोठे

१५ जूननंतर हंगाम उघडतो, पण जुलै हा तिकडचाही पावसाचा महिना असल्याने नद्या कधी कधी गढूळ होऊन आठवडाभर तशाच वाहतात. ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा शेवट हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. पाणी उतरून निवळलेले असते, डास कमी होतात आणि लार्च वृक्षांची पाने पिवळी पडू लागतात. मात्र सप्टेंबरच्या रात्री तापमान शून्याखाली जाते, सकाळी काठीच्या कड्यांत बर्फ धरतो आणि परभणीच्या उन्हात वाढलेल्या माणसाला पहिले दोन दिवस बोटे स्वतःची वाटत नाहीत.

नद्यांच्या बाबतीत नवशिक्याने फार चोखंदळ होऊ नये. खुव्स्गुल सरोवरातून निघणारी एग आणि तिला मिळणारी ऊर, सेलेंगेच्या उगमाकडील देल्गेरमोरोन, पूर्वेकडील ओनोन आणि वायव्येकडील शिशगेद या तायमेनच्या प्रसिद्ध नद्या आहेत. एग आणि देल्गेरमोरोन यांचे पाणी सेलेंगेतून बायकाल सरोवरात जाते, ओनोनचे अमूरमार्गे पॅसिफिकला आणि शिशगेदचे येनिसेईमार्गे आर्क्टिकला. नकाशा उघडून ही वाट एकदा पाहून ठेवावी, म्हणजे एकाच देशातल्या नद्यांची वळणे, पाण्याचा वेग आणि काठची झाडी इतकी वेगळी का, याचा थोडा उलगडा होतो. पहिल्या वेळी मात्र नदीपेक्षा वाटाड्या महत्त्वाचा. इंग्रजी थोडेफार समजणारा, पाण्यात स्वतः उभा राहून शिकवणारा आणि दोन पाहुण्यांमागे एक अशा प्रमाणात मिळणारा वाटाड्या ज्या तळावर असेल, तो तळ निवडावा.

आठवड्याच्या सहलीचे शुल्क काही हजार अमेरिकी डॉलर होते, म्हणून पैसे पाठवण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे: मासेमारीचा परवाना शुल्कात आहे काय, राजधानी उलानबातरपासून नदीपर्यंतचा प्रवास कोणाचा, काठी-रीळ भाड्याने मिळते काय, उपग्रह फोन तळावर आहे काय आणि कोणी जखमी झाल्यास बाहेर काढण्याची व्यवस्था कोणती. या शेवटच्या प्रश्नाला गोलमोल उत्तर आले तर तो तळ सोडून द्यावा. सर्वांत जवळचे रुग्णालय तेथे अनेक तासांच्या कच्च्या वाटेवर असते, आणि हवाई सुटकेचा खर्च भागवणारा प्रवास विमा घेतल्याशिवाय निघणे हा अविचार होय. उत्तर मंगोलियाच्या जंगलात गोचिडांपासून मेंदूज्वर होण्याचा धोका असतो, त्यामुळे निघण्याच्या दोन-तीन महिने आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

साहित्य

काठी ९ फुटी, चार तुकड्यांत सुटणारी आणि ९ क्रमांकाची असावी. हा क्रमांक काठीच्या ताकदीचा वाटतो, पण तो मुळात दोराच्या वजनाचा असतो: ९ क्रमांकाच्या दोराचे पहिले ३० फूट सुमारे साडेपंधरा ग्रॅम भरतात. काठी आणि दोर एकाच क्रमांकाचे असले पाहिजेत. एका दुकानदाराने मला ९ च्या काठीवर ६ चा दोर विकला होता आणि मी दोन महिने माझ्या खांद्याला दोष देत बसलो होतो. दोर पुढच्या बाजूला जाड आणि तरंगणारा घ्यावा. जोडीला टोक बुडणारा दुसरा दोर असल्यास खोल डोहांत कामी येतो. रिळाचा ब्रेक गुळगुळीत चालावा आणि मुख्य दोरामागे किमान १०० मीटर बारीक दोर गुंडाळलेला असावा. दोराच्या टोकाला जोडायचा पारदर्शक धागा, ज्याला लीडर म्हणतात, तो सहा-सात फूट पुरतो, परंतु १० ते १३ किलोचा ताण सोसणारा हवा. येथे बारीक धाग्याची नजाकत दाखवू नये. बारीक धाग्याने मासा तासभर खेळवला जातो, दमून जातो आणि सोडल्यावर मरतो.

फ्लाय म्हणजे माशी खरी, पण तायमेनची ‘माशी’ म्हणजे एक तर बोटभर लांबीचा उंदीर, नाही तर वीतभर लांबीची खोटी मासोळी. उंदीर फोमचा घ्यावा. हरणाच्या केसांचे उंदीर परदेशी दुकानांत सुंदर मिळतात, पण प्राण्यांचे केस आणि पिसे सीमाशुल्क तपासणीत नसते प्रश्न उभे करू शकतात, आणि फोमचा उंदीर दिवसभर बुडत नाही, हा त्याचा मोठाच गुण आहे. गळाला उलटा काटा असेल तर तो घरीच पकडीने दाबून सपाट करावा आणि कापसात टोचून बाहेर काढून पाहावा. कापसाचा धागा ओढला गेला तर काटा अजून शिल्लक आहे असे समजावे.

कपड्यांबाबत एकच गोष्ट ध्यानात ठेवावी, की सुती कपडा ओला झाला की थंडीत घात करतो. अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा थर, त्यावर जाड ऊब, त्यावर वारा आणि पाऊस अडवणारे कवच, आणि पाण्यात उभे राहण्यासाठी छातीपर्यंतची जलरोधक विजार, म्हणजे वेडर, एवढे पुरे होते. वेडरला कमरपट्टा लागतोच. पोलराइज्ड चष्मा केवळ पाण्याखालचे पाहण्यासाठी नसतो; वाऱ्यात भरकटलेल्या गळापासून डोळा वाचवण्याचे कामही तोच करतो.

हाताची तयारी

आता मुख्य गोष्टीकडे यावे. ज्वारीच्या हुरड्यावर बसलेली पाखरे हाकलताना गोफण फिरवलेल्या माणसाला फेकीचे गणित ठाऊक असते: वजन दगडाचे, दोरी फक्त वाहक. फ्लाय फिशिंगमध्ये हे नेमके उलटे होते. माशीला वजन नसते, वजन दोराचे असते आणि तो दोरच माशीला घेऊन जातो. म्हणून गोफणीपेक्षा आसूड जवळचा. बैलगाडीवर बसून आसूड मागे टाकला, तो पूर्ण उलगडेपर्यंत थांबले आणि मग पुढे आणला, तर तो सरळ जातो. उलगडण्याआधीच पुढे खेचला तर तो कडाडतो. दोराचा असा कडकडाट ऐकू आला की माशी तुटून मागच्या गवतात पडली असे खुशाल समजावे.

सरावाला शाळेचे मैदान किंवा गवताळ पटांगण घ्यावे. कापणी झालेले ज्वारीचे रान मोकळे दिसते म्हणून तेथे जाऊ नये, कारण धसकटे दोराचे आवरण चिरतात, आणि हा दोर स्वस्त नसतो. गळ न लावता टोकाला लाल लोकरीचा तुकडा बांधावा. काठी घड्याळातील दहा आणि दोन या आकड्यांच्या दरम्यानच फिरवावी, मागे गेल्यावर थांबावे, मान वळवून दोर सरळ झालेला डोळ्यांनी पाहावा आणि मगच पुढे न्यावे. पहिले पंधरा दिवस ३० फुटांच्या पुढे जाऊ नये. त्यानंतर डाव्या हाताने दोर खाली खेचून वेग वाढवण्याची क्रिया शिकावी. ती जमली की ५० ते ६० फूट सहज पोहोचतात आणि मंगोलियात तेवढे पुरतात. लोकर जमिनीवर नीट पडू लागली की तिच्या जागी गळ कापून टाकलेला फोमचा उंदीर बांधावा. तो वाऱ्याला अडतो, दोर जड वाटू लागतो आणि आपण सगळे विसरलो असे वाटते. तसे वाटणे योग्यच आहे; आठवडाभरात हात सरावतो. रोज अर्धा तास, चार महिने, आणि शक्यतो वाऱ्याच्या दिवशीही हा सराव करावा. बघ्यांची गर्दी जमते आणि ‘इथं पाणी कुठंय, मालक?’ असा प्रश्न निदान एकदा तरी येतो, त्याची तयारी ठेवावी.

दोर फेकता येऊ लागला की झटक्याची सवय मोडायला घ्यावी. त्यासाठी मरळीइतका चांगला गुरू नाही. ज्या तलावाचा ठेका एखाद्या मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेकडे असेल, तेथे संस्थेची परवानगी घेऊन जावे. जायकवाडीचा जलाशय पक्षी अभयारण्य असल्याने तेथे आपल्या मनाने काठी टाकू नये. पाणवनस्पतींच्या कडेने फोमची बेडकी हळूहळू ओढत आणावी. मरळ तिच्यावर आली की काठी जागची हलवू नये, काठीचे टोक पाण्याकडेच ठेवावे आणि डाव्या हाताने दोर लांब ओढून गळ बसवावा. याला स्ट्रिप सेट म्हणतात. वाचायला हे सोपे आहे. प्रत्यक्षात पहिल्या दहा मरळींपैकी आठ निसटतात आणि आपला भाचा काठावर बसून हसतो.

प्रवास आणि पाहुणचार

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने वैध असावा. व्हिसाची सध्याची अट मंगोलियाच्या दिल्लीतील दूतावासाकडून तपासून घ्यावी, कारण असे नियम बदलत राहतात. छत्रपती संभाजीनगरहून विमानाने दिल्ली गाठता येते. नांदेड, परभणी, जालन्याची मंडळी सचखंड एक्सप्रेसने दिल्लीला जाऊ शकतात, पण गाडीच्या वेळेवर विमानाची वेळ बांधू नये आणि दिल्लीत एक पूर्ण दिवस हातचा ठेवावा. दिल्लीहून बहुधा एखाद्या तिसऱ्या देशातून उलानबातर गाठावे लागते. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते. गळ आणि पकड सोबत न ठेवता नेहमी चेक-इन सामानात द्याव्यात. मोरोनसारख्या गावाला जाणाऱ्या देशांतर्गत विमानात सामानाची मर्यादा कमी असते, म्हणून जास्तीच्या कपड्यांचा मोह टाळावा आणि वेडरचे जड बूट सरळ पायात घालून बसावे.

पुढची वाट रशियन बनावटीच्या चौकोनी गाड्यांतून, नदीनाले ओलांडत, दिवसभर चालते. जेवणात मांस मुख्य असते आणि चहा दूध-मिठाचा. शाकाहारी असल्यास तळाला दोन महिने आधी कळवावे. घरून धपाटे आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी नेली तर दिल्लीच्या मुक्कामासह पहिले तीन-चार दिवस निभतात. मात्र मंगोलियात उतरताना नेलेले खाद्यपदार्थ विचारल्यास स्पष्ट सांगावेत. गेर या त्यांच्या गोल तंबूत शिरताना उंबरठ्यावर पाय देऊ नये, हे आपल्याकडच्या कोणाही आजीला पटेल. दिलेली वस्तू उजव्या हाताने घ्यावी. चुलीत कचरा टाकू नये. घोडीचे आंबवलेले दूध, ज्याला आयराग म्हणतात, ते नको असेल तर वाटी ओठांना लावून परत द्यावी. नदीत साबणाने कपडे वा भांडी धुवू नयेत, कारण तेथील लोक पाण्याला देवत्व मानतात आणि आपण पाहुणे आहोत.

नदीवर

पाण्यात उतरण्याआधी वाटाड्याकडून आधाराची काठी टेकत चालायला शिकावे. प्रवाहाकडे कुशी करून उभे राहावे, पाय उचलण्याऐवजी सरकवावा, एक पाय घट्ट बसल्याशिवाय दुसरा हलवू नये आणि मांडीच्या वर पाणी येऊ देऊ नये. विष्णुपुरीच्या खाली उन्हाळ्यात गुडघाभर गोदावरी ओलांडल्याचा अनुभव येथे कामी येत नाही. हे पाणी इतके थंड असते की पडलेल्या माणसाचा श्वास काही क्षण अडकतो. तोल गेलाच तर पाठीवर पडून पाय प्रवाहाच्या दिशेला ठेवावेत आणि उथळ जागा येईपर्यंत उभे राहण्याची घाई करू नये.

उंदीर पलीकडच्या काठाजवळ, प्रवाहाला किंचित खालच्या बाजूला तिरकस टाकावा आणि दोर ताणलेला ठेवून त्याला नदी ओलांडू द्यावी. त्याच्या मागे इंग्रजी व्ही अक्षरासारखी लाट उमटली पाहिजे. तो बुडत असेल तर वेग कमी आहे, उड्या मारत असेल तर जास्त. प्रत्येक फेकीनंतर दोन पावले खाली सरकावे. दिवसाला शेकडो फेकी होतात आणि बहुतेक दिवशी काहीही होत नाही. चांगल्या आठवड्यातही दोन-तीन मासे हाताळले गेले तर वाटाडे खूश असतात.

आणि मग केव्हा तरी, खांदा दुखत असताना, लक्ष दुसरीकडे असताना, उंदराच्या मागे पाणी फुगते. आवाज आधी येतो: तुंबलेल्या विहिरीत कोणी पोते टाकावे तसा. तायमेन अनेकदा पहिल्या वेळी शेपटीने किंवा डोक्याने उंदराला नुसता मारतो, तोंडात घेतच नाही, आणि नेमक्या याच क्षणी आपले मनगट वर जाते. उंदीर हवेत उडतो, कानाजवळून सू करत मागे जातो आणि मासा गोंधळून खोल पाण्यात परततो. माझे चारही मासे असेच गेले. पाचव्या वेळी वाटाड्याने काठीवर तळहात टेकवून धरला होता. पाणी फुटले, मी थिजलो, उंदीर तसाच सरकत राहिला, दोन हात पुढे गेला, पुन्हा पाणी फुटले आणि या वेळी डाव्या हातातल्या दोराला ओले पोते अडकल्यासारखे वजन लागले. तेव्हा कोठे ओढायचे असते. वजन हाताला लागेपर्यंत डोळ्यांनी पाहिलेल्या कशावरही विश्वास ठेवू नये. दोर दोन-तीनदा जोराने ओढून गळ बसवावा, त्यानंतरच काठी उचलावी, आणि तीही वर नव्हे तर आडवी धरून माशाला बाजूला वळवावे.

झुंज लांबवू नये. मासा उथळ पाण्यात आला की त्याला दगडावर ओढू नये; रबरी जाळ्यात किंवा शेपटीच्या बुडाशी ओल्या हाताने धरावे. हात ओला नसेल तर त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि तेथे रोग धरतो. गळ पकडीने काढावा, बोटांनी नव्हे, कारण दात धारदार असतात. जबड्याला धरून लटकावणे आणि कल्ल्यांत बोटे घालणे कटाक्षाने टाळावे. छायाचित्र हवे असल्यास सोबत्याने आधी कॅमेरा तयार ठेवावा, मग पोटाखाली आणि शेपटीशी आधार देऊन मासा पाण्याच्या वर क्षणभरच उचलावा. पाणी निथळत असतानाच तो परत पाण्यात गेला पाहिजे. त्यानंतर त्याचे तोंड प्रवाहाकडे करून दोन्ही हातांनी सैल धरावे आणि कल्ले नियमित उघडझाप करू लागेपर्यंत थांबावे. कधी मिनिट लागते, कधी दहा. तो स्वतः हातातून सुटून जाईपर्यंत सोडू नये. ढकललेला मासा काही हात पुढे जाऊन उलटा होतो.

परतण्याच्या आदल्या दिवशी वेडर आणि बूट घासून, चिखल काढून पूर्ण वाळवावेत, म्हणजे एका नदीतले जंतू दुसरीत जात नाहीत. घरी आल्यावर दोर कोमट पाण्याने पुसून रिळावरून उतरवावा, मोठे सैल वेटोळे करून सावलीत खुंटीला टांगावा. चारचाकीच्या डिकीत किंवा पत्र्याखाली तो एप्रिल-मे काढू शकत नाही. त्याचे आवरण चिकट होते आणि पुढच्या सरावाला तो कड्यांतून सरकत नाही.